पिवळ्या वाळूखालची कबर

मोखाडा पोलीस ठाण्यात फोन वाजला तेव्हा उपनिरीक्षक प्रमिला भोये जेवत होती.

"मॅडम, मी डॉक्टर मीना टिळेकर. पोशेऱ्याच्या उत्खननावरून बोलतेय. आम्हाला एका कबरीत माणूस सापडलाय."

"कबरीत माणूसच सापडणार ना?"

"हो. पण हा चुकीचा माणूस आहे."

प्रमिलाने डबा बंद केला.

पोशेऱ्याच्या वर, नदीच्या अंगाला, कातळाचा एक रुंद टप्पा आहे. तिथे बांबूंवर हिरवी जाळी ताणली होती. जाळीखाली खड्डा आणि खड्ड्यात सांगाडा. डाव्या कुशीवर निजवलेला, गुडघे पोटाशी ओढलेले, हात छातीशी. डोक्यापाशी एक काळपट मडकं.

"जुनाच दिसतोय," प्रमिला म्हणाली.

"तसा दिसावा म्हणूनच ठेवलाय."

मीना पुण्याहून आली होती. हाडं आणि दात हा तिचा विषय. जुनी माणसं काय खात होती हे ती त्यावरून सांगायची. तिने शेजारच्या पत्र्याच्या शेडमधून एक जबडा आणला. कापसात ठेवलेला.

"हा इथल्याच दुसऱ्या कबरीतला. काही हजार वर्षांपूर्वीचा. दाढा बघा. फरशीसारख्या सपाट. ही माणसं कंद मातीसकट खायची, सगळं दगडावर रगडायची. दगडाची कच दात खाऊन टाकते. आता याच्या बघा."

प्रमिला खड्ड्यात वाकली. सांगाड्याच्या दाढांचे उंचवटे शाबूत होते. एक दाढ किडून पोकळ झाली होती. दातांच्या मागे तपकिरी थर.

"तंबाखू," ती म्हणाली. "चुना लावून खाल्लेली." तिच्या वडिलांचे दात असेच होते.

"कवटीला मागून फट आहे. एकच घाव. डावा हात लहानपणी मोडलेला, वाकडा जुळलेला. वय तिशीच्या आतबाहेर. पुरुष."

"किती दिवस झाले असतील?"

"दिवस नाही, वर्षं. आणि एक सांगते." मीनाने खड्ड्याच्या भिंतीवर बोट ठेवलं. लाल मातीत एक पिवळी रेघ आडवी गेली होती. "आधीच्या उत्खननाचा तळ इथे होता. काम थांबवताना तळावर वेगळ्या रंगाची वाळू पसरतात. पुढे कोणी खणलं तर कळावं, जुनं काम इथवर आलं होतं. ही डहाणूकडची समुद्राची वाळू आहे. हा माणूस तिच्या अखंड थराखाली होता. त्याच्यावरची सगळी माती मी चाळली. त्या मातीत वाळूचा एक कण नाही."

प्रमिलाने मान हलवली. तेव्हा तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

"आधीचं उत्खनन कोणाचं?"

"डॉक्टर देवानंद गावितांचं. तीन वर्षांपूर्वी बंद केलं. इथे खाली नुसता कातळ आहे, खणण्यासारखं काही उरलं नाही, असं त्यांनी अहवालात लिहिलंय. कातळ अजून हातभर खाली आहे."

गावित सरांना जव्हार-मोखाड्यात कोण ओळखत नव्हतं? इथल्याच पाड्यावर जन्मलेला माणूस. त्यांनी या टप्प्यावर पहिली कबर शोधली, आणि त्या कबरीतल्या मडक्यात करपलेले नाचणीचे, इथल्या बोलीत नागलीचे, दाणे. देशात सगळ्यात जुने. ज्यांना सगळे जंगली म्हणत आले त्या डोंगरातल्या माणसांनी सगळ्यांच्या आधी शेती केली, असं सर सांगायचे. जव्हारच्या कॉलेजात प्रमिलाने त्यांचं भाषण ऐकलं होतं. त्या दिवशी ती ताठ मानेने घरी गेली होती.

आता खड्ड्याच्या काठावर तिला काहीच वाटत नव्हतं. पाय बधिर व्हावा तसं कुठेतरी आत झालं होतं, एवढंच.

हरवलेल्या माणसांची नोंद तपासली. जुळणारं कोणी नव्हतं. ते नवल नव्हतं. दिवाळी सरली की पाडेच्या पाडे वीटभट्टीवर जातात. जो परत येत नाही तो गेला, असं म्हणतात. गेलेल्याची तक्रार कोण देणार?

टप्प्याला लागून माघ्याचं वरकस, उतारावरचं शेत, होतं. म्हातारा बांधावर बसून विळा घासत होता.

"बाबा, सरांच्या खणण्यावर कोण कोण होतं?"

"आमच्या पाड्यावरचे. नि एक वांगणीकडचा, लक्ष्या. बायकोला घेऊन इथंच झोपडी करून ऱ्हायचा. राखणीला."

"तो कुठाय आता?"

"भट्टीवर गेला. मंग आलाच नाय."

"जाताना तुम्ही बघितलात?"

"बघितला म्हंजे... काम संपायचा दिस व्हता. सरांनी आम्हाला सगल्यांना सुट्टी दिलती. मी सांजच्याला गुरं घेऊन आलो तं सर खड्ड्यात वाळू टाकीत व्हते. मंग जीप गेली. लक्ष्या तिच्यातच गेला."

"दिसला?"

माघ्याने विळा खाली ठेवला. "त्याचं गाठोडं दिसलं. फुडच्या सीटवर."

"आणि तो?"

"गाठोडं व्हतं म्हंजे तो असंलच की."

"तुमचं त्याच्याशी भांडण होतं म्हणतात."

"मोहाच्या फुलांवरनं. त्याची बायको माझ्या झाडाखाली येचायची. शिव्या दिल्या मी. शिव्यांनी माणूस मरत नाय, मॅडम."

"मेलाय असं मी म्हटलं का?"

म्हाताऱ्याने हिरव्या जाळीकडे पाहिलं. "मंग पोलीस कशाला आले?"

वांगणीला जाणारा रस्ता शेवटी उखडलेला होता. जीप अलीकडे ठेवून प्रमिला आणि हवालदार चालत गेले. लक्ष्याची बायको सुकी कुडाच्या घराबाहेर लाकडं फोडत होती. पोलीस पाहूनही तिने कुऱ्हाड थांबवली नाही.

"सुकीताई, लक्ष्याबद्दल विचारायचंय."

"गेला तो."

"कोणी सांगितलं?"

"संदीप मुकादमानं. भट्टीवरनं दुसरी बाई घेऊन पलाला म्हने."

"तो गेला त्या दिवशी तू पोशेऱ्यात होतीस?"

"नाय. पोरीला ताप व्हता, मी हिकडं आलते. परत गेले तं झोपडी रिकामी. त्याचं गाठोडंबी नाय."

ती सगळं एकाच सुरात सांगत होती. दुसऱ्या कोणाच्या घरचं सांगावं तसं.

"त्याच्या अंगावर काही खूण?"

"डावा हात वाकडा. लहानपनी झाडावरनं पडलेला." कुऱ्हाड थांबली. "का?"

"गावित सरांशी त्याचं कसं होतं?"

"बरं व्हतं. सरांना माझी नागलीची भाकर आवडायची. लक्ष्या रोज घेऊन जायचा. एकदा सरांनी नुसती नागली मागितली, ओंजळभर. लक्ष्या म्हनाला, सर आपल्या झोपडीच्या चुलीत भाजून खातात नि करपवून टाकतात. हसायचा तो. कशालाबी हसायचा." तिने लाकूड उभं केलं. "का म्हनून विचारलं मी, मॅडम."

"एक हाड सापडलंय. वाकडं जुळलेलं. नक्की कळायला तुझ्या मुलीचं थोडं रक्त लागेल."

सुकीने कुऱ्हाड उचलली आणि लाकूड फोडलं. मग दुसरं घेतलं.

संदीप मुकादम जव्हारच्या एसटी डेपोसमोर चहाच्या टपरीवर सापडला. भट्ट्यांना मजूर पुरवणारा माणूस. दोन फोन समोर ठेवलेले.

"लक्ष्याला भट्टीवर तू नेलंस?"

"मी नेत होतो सगळ्यांना."

"त्याला भट्टीवर बघितलंस का, एवढंच विचारतेय."

संदीपने कपातला चहा गोल फिरवला. "नाही. माझ्या टोळीत तो आलाच नाही."

"मग पळून गेला हे कुठून कळलं?"

"गावित सर म्हणाले, मी स्वतः डेपोवर सोडला, भिवंडीच्या गाडीत बसला. माझ्याकडे आला नाही म्हणजे दुसऱ्या कोणाकडे गेला असणार. त्याची बायको रोज येऊन विचारायची. रडायची. लोक जमायचे. काय सांगणार?"

"आणि दुसरी बाई?"

"काय?"

"ती कुठून आली?"

"तोंडातून आली, मॅडम." त्याने मान खाली घातली. "तेवढं ऐकलं की बाया गप्प होतात."

गावित सर निवृत्त होऊन जव्हारलाच राहत होते. दार त्यांनीच उघडलं.

"ये बाळ. पोलिसात गेलीस ते ऐकलं होतं. आपल्या मुली पुढे जातायत, बरं वाटतं."

त्यांनी चहा स्वतः केला. प्रमिलाने सांगाड्याचं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं.

"कुठल्या थरात?"

"तुमच्या वाळूखाली."

"मग जुनाच असणार. टिळेकरबाईंना पुन्हा तपासायला सांग. एखाद्याचे दात झिजलेले नसतात."

"तंबाखूचा थर आहे, सर."

सर खिडकीबाहेर बघत राहिले. "तर मग मी गेल्यावर कोणीतरी खड्डा उकरून पुरला असेल. राखणीला कोणी नव्हतं."

"डोक्याशी मडकं ठेवलंय."

"माझ्या पहिल्या कबरीचा फोटो सगळ्या पेपरांत आला होता. डोक्याशी मडकं ही त्या लोकांची रीत. कोणीही नक्कल करेल."

"वाळू कोणी टाकली होती?"

"मी. ते काम मी मजुरांवर कधी सोडलं नाही."

"आणि लक्ष्याला?"

"वाळू टाकून झाली, हात धुतले, त्याला जीपमध्ये घेतलं. डेपोवर वडापाव खाऊ घातला. गाडीत बसवून दिलं. गुणी होता."

"होता?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. "तूच तर विचारतेयस, बाळ."

जिन्यावरून उतरताना तिच्या लक्षात आलं की कप तिने तोंडालाही लावला नव्हता.

तपासण्यांना उन्हाळा उजाडला. मोहाची फुलं गळून गेली. मग एका दुपारी मीना स्वतःच ठाण्यात आली.

"डीएनए जुळला. लक्ष्याच आहे तो."

प्रमिलाने मान हलवली.

"अजून आहे. दाताच्या कवचात माणसाचं जेवण कोरलं जातं. नाचणी खाणाऱ्याची खूण वेगळी, कंद, मासे, भात खाणाऱ्याची वेगळी. लक्ष्या नाचणीवर वाढलेला. ते अपेक्षितच होतं. मी तुलनेसाठी जुन्या तिन्ही कबरींमधले दात तपासले, गावितांनी काढलेल्या दोन आणि मी काढलेली एक. तिघेही कंद, मासे आणि शिकार यांवर जगले. नाचणी कोणाच्याच दातात नाही."

"पहिल्या कबरीतल्याच्याही?"

"त्याच्याही. मडक्यात नाचणी, आणि आयुष्यभरात तोंडात एक दाणा नाही."

पंखा फिरत होता. प्रमिलाने विचारलं, "बाकीच्या दोन जुन्या कबरींत मडकं कुठे होतं? डोक्याशीच?"

"त्यांत मडकं नाहीच."

प्रमिलाने कागद ओढला आणि एक आडवी रेघ काढली. वर लिहिलं, वाळू. खाली लिहिलं, लक्ष्या.

"डॉक्टर, मडक्यातल्या दाण्याचं वय कधी काढलं होतं का?"

"नाही. शेजारच्या कोळशाचं काढलं होतं."

"मग दाण्याचं काढा. आणि तो अहवाल आला की सगळ्यांना टप्प्यावर बोलावू."

अहवाल आला त्या सकाळी पत्र्याच्या शेडमध्ये सहा माणसं होती. माघ्या दाराशी उकिडवा बसला. संदीप उभाच होता. सुकी भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. गावित सरांना खुर्ची दिली होती. मीना टेबलाशी होती. दाराबाहेर हवालदार.

"खड्ड्यातला माणूस लक्ष्या आहे," प्रमिला म्हणाली. तिचा आवाज तिला दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता. "तो भट्टीवर गेला असं सगळे म्हणाले. पण जाताना बघितला कोणी? सुकीला संदीपने सांगितलं. संदीपला सरांनी. माघ्याबाबांना गाठोडं दिसलं, माणूस नाही. म्हणजे लक्ष्याला जाताना बघणारा एकच."

"मी त्याला डेपोवर सोडलं," गावित म्हणाले. "परत आला असेल. मी सांगितलंय तुला."

"सांगितलंत. वाळू आधी टाकली, मग लक्ष्याला नेलं. वाळू टाकताना बाबांनीही बघितलं. बरोबर, बाबा?"

"व्हय."

"डॉक्टर, वाळू टाकल्यावर कोणी खड्डा खणून माणूस पुरला असता तर?"

"वाळू फुटली असती," मीना म्हणाली. "उकरलेल्या मातीत मिसळली असती. कितीही सावध माणूस असो. लक्ष्यावरच्या मातीत एक कण नाही, आणि वाळूचा थर वरून अखंड."

"म्हणजे वाळू पडली तेव्हा लक्ष्या खाली होता. आणि सर, तुमच्या म्हणण्याप्रमाणे त्यानंतर तुम्ही त्याला वडापाव खाऊ घातलात."

माघ्याने मान वर करून सरांकडे पाहिलं.

"सगळ्यांना सुट्टी तुम्ही दिलीत. गाठोडं तुम्ही नेलंत. खाली कातळ आहे असं तुम्ही लिहिलंत, म्हणजे पुन्हा कोणी खणू नये. खणलंच तर जुनी कबर वाटावी म्हणून गुडघे पोटाशी घेतले, डोक्याशी मडकं ठेवलं. पण ती रीत त्या लोकांची नाही. खऱ्या कबरींत मडकं नसतं. ते दोनच ठिकाणी आहे. लक्ष्याच्या कबरीत, आणि तुमच्या पहिल्या कबरीत. ती तुमची रीत, सर."

"फोटो बघून कोणीही..."

"मडकं कोणीही ठेवेल. वाळूचं काय?"

गावित दारातून हिरव्या जाळीकडे बघत राहिले.

"आणि का मारलं?" प्रमिलाने मीनाकडे पाहिलं.

"पहिल्या कबरीच्या मडक्यातल्या दाण्याचं वय आलं," मीना म्हणाली. "तो जुना नाही. आत्ताच्या काळातला आहे. सर, तुम्ही मडक्यांचे अभ्यासक. दातांत जेवण राहतं याचा तुम्ही विचार केला नाही."

"ओंजळभर नागली," प्रमिला म्हणाली. "सुकीच्या घरची. तिच्या चुलीत करपवलेली. हे लक्ष्याला माहीत होतं. त्याने काय मागितलं तुमच्याकडे?"

गावितांनी चष्मा काढला. डोळे पुसले नाहीत, नुसता हातात धरला.

"काही नाही," ते म्हणाले. "त्याने काही मागितलं नाही. मी त्याला पेपरातला फोटो दाखवला. दाण्यांचा. त्याने निरखून पाहिला आणि हसायला लागला. म्हणाला, सर, ही तं सुकीची नागली. हिला म्हातारी कशी केलीत? पाड्यावर जाऊन सांगतो म्हणाला. गंमत म्हणून. मी म्हटलं, सांगू नको. त्याला अजून हसू आलं. माझ्या हातात हातोडी होती."

बाहेर कुठेतरी गुरांच्या गळ्यातली घंटा वाजली.

"तुला आठवत असेल बाळ, आपल्याला काय म्हणायचे ते. एकदा तरी कोणी म्हणायला हवं होतं की या डोंगरातल्या माणसाने जगाला काही दिलं. आपल्या लोकांसाठी..."

"लक्ष्या आपला नव्हता?"

गावितांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला आणि उभे राहिले. हवालदार आत आला.

त्यांना जीपकडे नेल्यावर शेडमध्ये सुकीचा आवाज आला. सपाट, कोरडा.

"म्हंजे तो कुठं गेलाच नाय?"

"नाही," प्रमिला म्हणाली.

"बाई घेऊन?"

"नाही."

संदीप जमिनीकडे बघत होता. सुकीने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"मी त्याला रोज शिव्या दिल्या," ती म्हणाली. "सकालच्याला उठले की पयली शिवी त्याला."

माघ्या उठून बाहेर गेला.

परतताना प्रमिलाने तिला आपल्या गाडीत घेतलं. हाडं खटला संपेपर्यंत मिळणार नव्हती. ते प्रमिलाने सांगितलं, सुकीने ऐकलं. जव्हारच्या बाजारात सुकी म्हणाली, "हितं थांबवा."

किराणा दुकानात गर्दी नव्हती. सुकीने तांदूळ मागितले. नारळ, गूळ, अगरबत्ती, हळद. एकेक सावकाश, आठवून आठवून. प्रमिला तिच्या मागे उभी होती.

दुकानदाराने सामानाकडे पाहिलं आणि समजला. "कोण गेलं, बाई?"

"नवरा."

"अरेरे. कधी?"

सुकीने थोडा विचार केला.

"आज," ती म्हणाली.